मापाचा ब्लाउज आणि सिमेंटची नदी

पुण्याहून सिंहगडाकडे निघालं की खडकवासला धरणाच्या अलीकडे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचं आवार लागतं. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारनं सिंचनाचे प्रश्न सोडवण्यासाठी सुरू केलेली ही संस्था. आत गेलं की विटा-सिमेंटनं घडवलेल्या नद्या दिसतात, माणसाच्या उंचीची धरणं आणि अंगणात मावतील अशी बंदरं दिसतात. पंप सुरू केला की तिथे पूर येतो, बंद केला की ओसरतो. हे पाहून आलेला माणूस हमखास विचारतो, "आता सगळं संगणकावर दिसतं की! मग हे सिमेंटचे खेळ अजून कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र खडकवासल्यापुरतं देऊन भागत नाही. विमान, मेट्रो, तेलविहिरीचा प्लॅटफॉर्म, चंद्रावर उतरणारं यान यांपैकी काहीही घडवण्याआधी इंजिनिअर त्याचं मॉडेल करतात. ते सिमेंटचं, आकड्यांचं किंवा निव्वळ तर्काचं असू शकतं. कुठे कोणतं वापरायचं, हे कसं ठरतं? या प्रकरणात तेच पाहू. सुरुवात शिंप्याच्या दुकानातून करू.

१. शिंप्याकडची तीन मॉडेलं

ब्लाउज शिवायला टाकताना बायका कापडासोबत एक जुना, अंगाला नीट बसणारा ब्लाउज देतात. तो मापाचा ब्लाउज. टेप लावून वहीत आकडे लिहून घेणं ही दुसरी रीत. कापड भारी असेल तर कच्चे टाके घालून अंगावर चढवून बघायचं, ही तिसरी.

तिन्हींमध्ये त्याच बाईच्या अंगाची माहिती असते, पण प्रत्येकीतून काही ना काही गळलेलं असतं. वहीतल्या आकड्यांत खांद्याचा उतार येत नाही. मापाच्या ब्लाउजात तो येतो, पण दोन वर्षांत वाढलेलं वजन त्याला ठाऊक नसतं. कच्चा टाका सगळं खरं सांगतो, फक्त तोवर कापड कापून झालेलं असतं.

मॉडेल म्हणजे खऱ्या वस्तूच्या जागी ठेवलेली आणि जिला प्रश्न विचारता येतात अशी सोपी वस्तू. ती सोपी होते ती काही गोष्टी गाळल्यामुळेच. म्हणून मॉडेल निवडणं म्हणजे काय गाळायचं ते निवडणं. जे गाळलं त्यावर उत्तर अवलंबून नसेल तर मॉडेल कामाचं. असेल, तर ते कितीही देखणं असलं तरी फसवतं.

२. पूर लहान कसा करायचा?

आता सिमेंटच्या नदीकडे जाऊ. समजा, धरणाच्या सांडव्यावरून सेकंदाला १०,००० घनमीटर पाणी जाणार आहे आणि त्याचं शंभरपट लहान मॉडेल करायचंय. मॉडेलमध्ये पाणी किती सोडायचं? शंभरावा भाग सोडला तर सगळंच वाहून जाईल.

याचं उत्तर जहाजांच्या अभ्यासातून आलं. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरनं जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्याच्या लांब टाकीतून ओढून पाहिल्या. गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर चालणाऱ्या लाटांचा आणि प्रवाहांचा एक नियम त्याच्या नावानं ओळखला जातो. लांबी जितक्या पट कमी कराल, त्याच्या वर्गमूळाइतक्या पट वेग कमी करा. लांबी १०० पट कमी तर वेग १० पट कमी.

हिशोब सोपा आहे. प्रवाह म्हणजे रुंदी गुणिले खोली गुणिले वेग. रुंदी १०० पट कमी, खोली १०० पट कमी, वेग १० पट कमी. तिन्हींचा गुणाकार १ लाख. म्हणजे १०,००० घनमीटरच्या जागी ०.१ घनमीटर, सेकंदाला १०० लिटर. तेवढं पाणी पंपानं सहज देता येतं. वेळही दहापट आटते. दहा तासांचा पूर मॉडेलमध्ये तासाभरात येऊन जातो.

मग अडचण कुठे येते? जे लहान करता येत नाही तिथे. एक किलोमीटर रुंद आणि ५ मीटर खोल नदी ५०० पट लहान केली तर रुंदी २ मीटर होते आणि खोली १ सेंटीमीटर. एवढ्या पातळ थरात पाणी नदीसारखं वाहत नाही, ओल्या फरशीवरच्या पाण्यासारखं चिकटून सरकतं. म्हणून इंजिनिअर जाणूनबुजून खोटेपणा करतात. रुंदी ५०० पट कमी करतात, खोली मात्र १०० पटच. आता खोली ५ सेंटीमीटर. मॉडेलचे काठ खऱ्यापेक्षा उभे दिसतात, पण पाण्याची पातळी आणि ओघ मॉडेल बरोबर सांगतं. वाळूचंही तसंच. अर्ध्या मिलिमीटरची वाळू १०० पट बारीक केली तर ती वाळू राहत नाही, तिचा चिखल होतो. म्हणून वाळूच्या जागी कोळशाच्या चुऱ्यासारखा हलका पदार्थ वापरतात.

एवढा खटाटोप कशासाठी? सांडव्याच्या पायथ्याशी पाणी आदळतं, फेसाळतं, हवा गिळतं, भोवरे करतं. हे सगळं संगणकाला समीकरणांतून सांगायचं तर कितीतरी गोष्टी गृहीत धराव्या लागतात. सिमेंटच्या मॉडेलात पाण्याला काही शिकवावं लागत नाही. उलट, त्याच नदीचा पूर दोनशे किलोमीटर खाली कोणत्या गावाला किती वाजता पोचेल हे विचारायचं असेल तर संगणकच बरा. तेवढी नदी कुठल्या शेडमध्ये मावणार?

३. वड्या पाडण्याचं गणित

आकड्यांच्या मॉडेलाचा एक फार वापरला जाणारा प्रकार म्हणजे वस्तूच्या वड्या पाडणं. पूल, पंख, काँक्रीटची भिंत यांच्या वेड्यावाकड्या आकारात ताण कुठे किती पडेल, हे एका सूत्रात बसत नाही. मग ताटातल्या वड्यांसारखे त्याचे लहान तुकडे पाडायचे. एका तुकड्याचं गणित सोपं असतं. प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती रेटतो ते लिहायचं आणि हजारो समीकरणं संगणकाला सोडवायला द्यायची.

वड्या जितक्या बारीक तितकं उत्तर खऱ्याजवळ, पण वेळ आणि खर्चही तितका जास्त. म्हणून इंजिनिअर मोकळ्या जागी मोठ्या वड्या पाडतो आणि कोपऱ्यांवर, सांध्यांवर बारीक, कारण ताण तिथे झपाट्यानं बदलतो.

हे चुकलं तर काय होतं, ते नॉर्वेनं २३ ऑगस्ट १९९१ रोजी पाहिलं. समुद्रातून वायू काढण्यासाठी बांधलेल्या 'स्लाइपनर ए' प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा अवाढव्य पाया स्ताव्हांगरजवळच्या खाडीत हळूहळू पाण्यात उतरवत होते. एक भिंत फुटली आणि सगळा पाया तळाशी गेला. आपटण्याचा धक्का भूकंपमापकांवर ३ रिश्टर नोंदला गेला. जीवितहानी झाली नाही, नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं झालं. चौकशीत कारण सापडलं. पायातल्या पोकळ नळकांड्या जिथे एकमेकींना भिडतात, त्या तिकोनी जागेत वड्या फार ओबडधोबड पडल्या होत्या. त्यामुळे तिथला कातर-ताण ४७ टक्क्यांनी कमी दिसला आणि त्या हिशोबानं केलेला सळयांचा तपशील अपुरा पडला. पुढे त्याच जागी वड्या नीट पाडून गणित केलं, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती.

म्हणजे पद्धत बरोबर होती, वड्या चुकल्या होत्या. नवा पाया बांधण्याची घाई होती आणि संगणकाच्या उत्तरासाठी थांबायला वेळ नव्हता. तेव्हा तिथल्या इंजिनिअरांनी जुन्या पद्धतीनं, हातानं हिशोब करून संकल्पन सुरू केलं. त्यात बारकावे कमी असतात, पण आकडा निम्म्यावर आला तर तो डोळ्यांना लगेच खुपतो. मोठ्या मॉडेलशेजारी एक लहान, ढोबळ मॉडेल ठेवायचं ते एवढ्यासाठी.

४. सरासरीला रांग दिसत नाही

पाणी आणि काँक्रीट सलग असतात. गाड्या, प्रवासी, यंत्राकडे येणारे सुटे भाग एकेक करून येतात. त्यांच्यासाठी मॉडेलही वेगळं लागतं.

टोलनाक्याची एक खिडकी घ्या. मिनिटाला सरासरी ६ गाड्या येतात, म्हणजे दर १० सेकंदांना एक. एका गाडीला सरासरी ९ सेकंद लागतात. वहीतला हिशोब म्हणतो, मिनिटाला ६ सेकंद खिडकी रिकामी आहे, रांग लागायचं कारणच नाही. गाड्या घड्याळाच्या काट्यावर आल्या असत्या तर हे खरं ठरलं असतं. पण एकदा तीन गाड्या एकत्र येतात, मग अर्धा मिनिट कोणीच नाही. कोणी सुट्या पैशांवरून वाद घालतो, कोणी सरळ निघून जातो. गाड्यांचं येणं आणि खिडकीवर लागणारा वेळ, दोन्ही असे बेभरवशाचे धरले, तर रांगांच्या गणिताचं मूळ सूत्र सांगतं की खिडकीपाशी सरासरी ९ गाड्या असतील आणि प्रत्येकीला सरासरी ८१ सेकंद थांबावं लागेल.

आता खिडकीवरचा वेळ ९ वरून ८ सेकंदांवर आणा. थांबण्याचा वेळ ८१ वरून थेट ३२ सेकंदांवर येतो. एका सेकंदाच्या बदलाचा एवढा परिणाम सरासरीच्या हिशोबात कधीच दिसला नसता. जिथे गर्दी, प्रतीक्षा आणि बिघाड यांचा प्रश्न आहे, तिथे अनियमितपणा गाळणारं मॉडेल निवडलं की उत्तर पहिल्या पायरीवरच चुकतं.

५. दार उघडं असताना गाडी निघू नये

मेट्रोचं दार उघडं असताना गाडी निघता कामा नये. हा प्रश्न किती, किती वेळात असा नाही, 'कधीतरी होऊ शकतं का' असा आहे. इथे आकड्यांऐवजी अवस्थांचं मॉडेल करतात. दार उघडं की बंद, गाडी थांबलेली की चालू, सिग्नल लाल की हिरवा. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येतं तेवढंच त्यात मांडायचं. वजन, वेग, रंग सगळं गाळायचं.

सगळ्या शक्यता करूनच का पाहू नयेत? चालू-बंद होणारी १० बटणं असतील तर १,०२४ जोड्या होतात. ३० बटणं असतील तर १०७ कोटींहून जास्त. सेकंदाला एक तपासायची म्हटली तर ३४ वर्षं लागतील. म्हणून भूमितीतल्या प्रमेयासारखी सिद्धताच द्यावी लागते. पॅरिसची १४ क्रमांकाची मेट्रो १९९८ पासून चालकाविना धावते. तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेलं सॉफ्टवेअर 'बी' नावाच्या तर्कपद्धतीनं, पायरीपायरीनं सिद्ध करत लिहिलं गेलं.

सिद्धतेलाही एक गाळलेली जागा असते. ती आपल्या गृहीतकांपुरतीच खरी असते. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी भरकटलं आणि नष्ट झालं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ मधून घेतलेलं होतं. नवं रॉकेट आडव्या दिशेनं जास्त वेगानं सरकत होतं. त्या वेगाशी निगडित आकडा ज्या खणात ठेवायचा होता, त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नव्हती. जुन्या रॉकेटसाठी ते गृहीतक बिनचूक होतं. मापाचा ब्लाउज तोच राहिला होता, माणूस बदलला होता.

६. माणूस धरायचा का?

लंडनमध्ये थेम्स नदीवर पायी चालणाऱ्यांसाठी बांधलेला मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. गर्दी झाली की तो डावी-उजवीकडे डुलायला लागायचा.

पुलाचं गणित चुकलं नव्हतं. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोनदा खाली दाब देतो, तो दाब धरला होता. पण प्रत्येक पावलाबरोबर तो थोडा बाजूलाही रेटतो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पूल जरासा हलला की माणसं तोल सावरायला पाय फाकवतात आणि नकळत पुलाच्या झोक्याशी ताल जुळवतात. ताल जुळला की झोका वाढतो, तो वाढला की आणखी माणसं तालात येतात. माणसाला वजनाचं पोतं समजणाऱ्या मॉडेलात हे सापडणं शक्य नव्हतं. पोतं तोल सावरत नाही.

इंजिनिअरांनी मग पुलावर माणसांना गटागटानं चालवून पाहिलं आणि डोलणं नेमकं किती गर्दीला सुरू होतं ते शोधलं. त्यानंतर द्रवावर चालणारे ३७ कंपनशोषक आणि इतर कंपनरोधक बसवून पूल फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा खुला झाला. जिथे माणसं एकमेकांचं किंवा यंत्राचं पाहून वागणं बदलतात, तिथे प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे निर्णय घेतो असं मॉडेल लागतं. गर्दी, रहदारी आणि आगीच्या वेळी बाहेर पडणं, हे सगळं त्यात येतं.

७. वही एकच हवी

आतापर्यंत आपण एका प्रश्नाला एक मॉडेल जोडत आलो. खऱ्या प्रकल्पात मॉडेलं शेकड्यांनी असतात आणि ती वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या हातांत असतात. शिंप्यानं इंचात लिहिलेलं माप कारागिरानं सेंटीमीटर समजून कापलं तर दोघांचंही काम नीट असून ब्लाउज वाया जातो.

नेमकं हेच मंगळाजवळ घडलं. सप्टेंबर १९९९ मध्ये 'नासा'चं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हरवलं. जमिनीवरच्या एका प्रोग्राममधून इंजिनाच्या रेट्याचे आकडे ब्रिटिश एककांत येत होते आणि पुढचा प्रोग्राम ते मेट्रिक समजून वापरत होता. प्रत्येक आकडा साडेचारपट चुकत होता. एअरबसच्या ए-३८० विमानाची गोष्टही याच जातीची. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. हॅम्बुर्ग आणि तुलूझ इथल्या चमूंकडे आराखड्याच्या एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. २००६ मध्ये जोडणीच्या वेळी वायरी आखूड पडल्या आणि विमानं मिळायला दीर्घ विलंब झाला.

म्हणून मोठ्या प्रकल्पांत आता आणखी एक मॉडेल करतात, मॉडेलांचं मॉडेल. कोणता भाग कोणाशी जोडलेला आहे, त्यांच्यात काय जातं-येतं, कोणत्या एककात जातं, कोणती गरज कोणत्या भागानं पुरी करायची, याची सगळ्यांसाठी एकच चित्ररूप वही. ती लिहिण्यासाठी 'सिसएमएल' नावाची खुणांची भाषा आहे. पूर्वी हीच माहिती शेकडो कागदी दस्तऐवजांत विखुरलेली असे आणि एका कागदात केलेला बदल दुसऱ्याला कळत नसे. ही वही ताण मोजत नाही की पूर दाखवत नाही. पण स्वयंपाक दहा जणी करत असतील तर मीठ कोणी घातलं हे कुठेतरी लिहिलेलं लागतं. दोन-चार जणांच्या लहान कामाला मात्र एवढी वही म्हणजे ओझंच.

८. मग निवडायचं कसं?

आतापर्यंतच्या गोष्टींतून पाच प्रश्न हाती येतात. मॉडेलाच्या उत्तरावर कोणता निर्णय घ्यायचा आहे? कोणती चूक परवडणार नाही? वस्तू सलग वाहते, एकेक येते की अवस्था बदलते? अनियमितपणा किंवा माणसाचं वागणं उत्तर फिरवू शकतं का? आणि मॉडेल चुकलं तर ते आपल्याला कशावरून कळेल? बहुतेक वेळा पाचव्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होतं.

या प्रश्नांचा कस लागलेलं उदाहरण आपल्या आठवणीतलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं विक्रम लँडर चंद्रावर आदळलं. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त रेटा दिला, चुका साठत गेल्या, त्या निस्तरायला यानाला भराभर वळावं लागलं आणि तेवढ्या वेगानं वळण्याची त्याला मुभा नव्हती. उतरण्याची जागाही ५०० मीटर बाय ५०० मीटर एवढीच होती. चांद्रयान-३ च्या वेळी 'इस्रो'नं प्रश्नच बदलला. काय काय बरोबर होईल याऐवजी काय काय बिघडू शकतं, हे धरून संकल्पन केलं. उतरण्याची जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर झाली.

जमिनीवरच्या चाचण्याही प्रश्नाप्रमाणे वाटून घेतल्या होत्या. जमीन ओळखणारे संवेदक हेलिकॉप्टरवर बसवून उडवले. तिथे इंजिन गाळलं. यान क्रेनला टांगून इंजिनं पेटवली. तिथे उंची गाळली. पाय चंद्राच्या मातीसारख्या मातीवर आपटून पाहिले. तिथे बाकी यानच गाळलं. चंद्राचं एक षष्ठांश गुरुत्वाकर्षण आणि निर्वात यांसाठी संगणकावरची सिम्युलेशन होती. एका चाचणीनं जे सोडलं ते दुसरीनं उचललं. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी यान चंद्रावर अलगद उतरलं.

आता खडकवासल्याहून आलेल्या पाहुण्याला उत्तर देता येईल. संगणकाला जे शिकवता येत नाही ते सिमेंटची नदी करून दाखवते आणि सिमेंटच्या शेडमध्ये जे मावत नाही ते संगणक मोजतो. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर दोघांपैकी कोणी काय गाळलं हे शोधायला जागा मिळते.

आणि शिंपी? तो वर्षानुवर्षं हेच करत आलाय. मापाचा ब्लाउज हातात असूनही तो टेप लावतोच. पण त्याआधी विचारतो, "रोजच्या वापराला की लग्नात घालायला?" रोजचा असेल तर वहीतली मापं पुरतात. लग्नातला असेल तर म्हणतो, "ताई, गुरुवारी कच्चं घालून बघायला या."